नामदेव परवा आसनगावला गेला

माझ्या वर्गात शिकलेली माणसं रस्त्यात भेटली की नमस्कार वगैरे करत नाहीत. लांबूनच विचारतात, "मॅडम, लीनाने काल रबडी कशी फस्त केली?" सोबत नवी बायको किंवा नवा नवरा असला तर तो बिचारा माझ्याकडे संशयाने बघतो. मग मला सांगावं लागतं की मी केमिस्ट्री शिकवायचे, माझा मिठाईचा धंदा नव्हता.

अंबरनाथ पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर माझा वर्ग होता. आधी तिथे पिठाची गिरणी होती. पावसाळ्यात भिंतींना ओल धरली की अजून पिठाचा वास यायचा. अकरावी-बारावी सायन्सची मुलं यायची, उल्हासनगरची, बुवापाड्यातली, बदलापूरकडच्या गावांतली. आता वर्ग बंद केला आहे. ऑनलाइनच्या स्पर्धेत मी टिकले नाही असं लोक म्हणतात. खरं म्हणजे माझे गुडघे टिकले नाहीत.

आमच्या धंद्यातली खरी अडचण बाहेरच्यांना माहीत नसते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं मूल अकरावीला सायन्स घेतं आणि एका सुट्टीत सगळं इंग्रजी होतं. कालपर्यंतचं आम्ल आज ॲसिड, मूलद्रव्याचं एलिमेंट. त्यातून काही मूलद्रव्यांच्या खुणा लॅटिनवरून आलेल्या. सोडियमची खूण एनए, पोटॅशियमची नुसता के. यात काही तर्क असावा असं मुलाला वाटत राहतं आणि ते शोधता शोधता परीक्षा येते. अशा वेळी बाई मदतीला काय देणार, तर युक्ती. मुलं तिला ट्रिक म्हणतात.

लीनाच्या रबडीत आवर्त सारणीतला पहिला अख्खा गण, म्हणजे पहिला उभा स्तंभ, आहे. ली लिथियम, ना सोडियम, का पोटॅशियम, रब रुबिडियम, कशी म्हणजे सीझियम आणि फस्तमधला फ्रान्सियम. दुसऱ्या गणाला आम्ही म्हणायचो, "बेबी, मग काका सरळ बाजारात रमले." बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, रेडियम. सतराव्या गणाचं वाक्य मुलांनीच केलं होतं आणि ते मला उद्देशून होतं: "फुकट क्लास बरा, इतकीच अट." फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, ॲस्टॅटीन. मी रागावल्याचं नाटक केलं, पण वाक्य ठेवलं. चांगली युक्ती रोज रोज सापडत नाही.

युक्तीचेही तोटे असतात. बुवापाड्यातला एक मुलगा होता, अतिशय कष्टाळू. त्याने चाचणीच्या पेपरात पहिल्या गणाच्या उत्तरात इंग्रजी प्रश्नाखाली सुवाच्य मराठीत पूर्ण वाक्य लिहिलं, रबडीसकट, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन. मी विचारलं, "अरे, मूलद्रव्यं कुठेत?" तर म्हणाला, "मॅडम, ती आतच आहेत." त्याचं चुकलं असं मला म्हणवेना. युक्ती ही भिंतीवरची खुंटी आहे, तिला सदरा आपला आपण अडकवावा लागतो. हे मी दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी कुणीतरी नुसती खुंटी घेऊन परीक्षेला जायचं.

कुठली युक्ती डोक्यात बसते आणि कुठली बसत नाही, हे मला उल्हासनगरच्या एका सिंधी गृहस्थांनी शिकवलं. पडद्याच्या कापडाचं त्यांचं दुकान होतं आणि मुलगा माझ्याकडे होता. एकदा मुलाची प्रगती विचारायला आले आणि जाता जाता म्हणाले, "मॅडमजी, मेरा पुट, मेरा बेटा, तो पास हो जाएगा. मेरा कुछ करो. गोडाउन में कौन सा थान कौन सी रॅक में है, मैं रोज भूल जाता हूँ." मी त्यांना रंगांवरून एक छानसं हिंदी वाक्य करून दिलं. आठवड्याने परत आले. म्हणाले, "आपका वाला नहीं चला. मैंने अपने सालों के नाम पे डाल दिया. सबसे ऊपर बडा साला, वो किसी को हाथ नहीं लगाने देता, तो ऊपर की रॅक में महंगा माल. अब एकदम फिट." मग त्यांनी आग्रह करून मला दुकानात नेलं, पापड आणि पाणी दिलं आणि एकेका मेव्हण्याची ओळख करून द्यावी तसे कापडाचे गठ्ठे दाखवले.

तेव्हापासून मी वाक्यांत शक्यतो ओळखीची माणसं घालू लागले. राजा-राणीपेक्षा शेजारचा माणूस जास्त लक्षात राहतो. पंधराव्या गणाचं वाक्य त्यातूनच आलं. एका बॅचमधल्या मुलाचा शेजारी घर बदलून गेला होता, त्याच्यावरून पोरांनी केलं: "नामदेव परवा आसनगावला सबंध बिऱ्हाड घेऊन गेला." नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक, सबंधमधलं एसबी म्हणजे अँटिमनी आणि बिऱ्हाडातलं बिस्मथ. इतकं बांधेसूद वाक्य होतं की पुढच्या प्रत्येक बॅचला मी तेच दिलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा आणि गिरणीची जागा असल्यामुळे आवाज घुमायचा.

काही वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला वैशाली आली. सोनिवलीची सून. माहेर वांगणीच्या पलीकडचं. बारावीला केमिस्ट्रीत नापास झाली, बाकीचे विषय सुटले, आणि त्याच वर्षी लग्न झालं. तिला डी.फार्म. करायचं होतं, म्हणजे औषधांच्या दुकानात कायद्याने उभं राहता येतं. त्यासाठी हा एक विषय सुटायला हवा होता. पुरवणी परीक्षा जुलैत होती. नवरा आनंदनगरच्या कंपनीत, त्याच्या पाळ्या बदलत्या, म्हणून सासरे तिला स्कूटरवरून घेऊन आले होते. उंच, सडपातळ माणूस, डोक्यावर टोपी, बोलणं मोजकं. ती त्यांना मामा म्हणायची.

त्यांनी माझ्यापुढे सगळं स्वच्छ मांडलं. "बाय, एकदाच बसवनार. पास झाली त पुढं शिकंल, जिथवर शिकायचं तिथवर. नाय झाली त विषय बंद. घरान मानसं कमी, भाताची कामं पडल्यात. मना परत परत जमनार नाय."

वैशाली खाली बघत उभी होती. मी म्हटलं, "मुलगी हुशार आहे का?"

"ता तुमी सांगायचं," मामा म्हणाले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. पुढचा सगळा महिना ते रोज तिथेच बसले. वर्ग संपला की उठायचे, स्कूटर चालू करायचे आणि ती मागे बसायची.

मुलगी हुशार होती. पण तिचं एक काही केल्या समजेना. सगळे गण पाठ झाले आणि पंधरावा येईना. म्हणजे यायचा, पण तिरका. विचारलं की म्हणायची, "फॉस्फरस, आर्सेनिक, अँटिमनी, बिस्मथ." चारच. नायट्रोजन गायब. आणि पहिला गेला की मागची सगळी रांग एकेक पाऊल पुढे सरकते. पंधराव्या गणातलं पहिलं मूलद्रव्य वायू आहे, बाकीची घन आहेत, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने चाचणीत फॉस्फरसला वायू केलं. नायट्रोजनचे गुण फॉस्फरसला, फॉस्फरसचे आर्सेनिकला. पाच गुणांचा प्रश्न पुरता धुऊन गेला. पास-नापासाच्या काठावर असलेल्या मुलीला पाच गुण म्हणजे फार.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग वाक्य म्हणत असताना मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "नामदेव" म्हणताना तिचे ओठ घट्ट मिटलेले, आणि "परवा" पासून ती वर्गाच्या सुरात सुरू. मला राग आला. वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं.

"वैशाली, पहिला शब्द का गाळतेस?"

ती दाराकडे बघायला लागली. मग अगदी हळू म्हणाली, "मॅडम, ते मामांचं नाव आहे."

आमच्या घरी मी नवऱ्याला नावाने हाक मारते, सासूबाईही मारायच्या. त्यामुळे ही शक्यता माझ्या डोक्यात आलीच नव्हती. हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं. म्हटलं, एवढंच ना, बदलून टाकू. नामदेवच्या जागी नारायण घाल.

"ते मोठे भाऊजी."

"मग नाना."

"चुलत सासऱ्यांना नाना म्हणतात."

"बरं, बाईमाणूस घेऊ. नलिनी."

वैशालीने नकारार्थी मान हलवली. नलिनी तिच्या सासूबाई होत्या. म्हटलं, हे घर आहे का नायट्रोजनचा सिलिंडर? तेव्हा तीही हसली. शेवटी "नवरदेव" वर आमची तडजोड झाली, कारण ते काही कुणाचं नाव नव्हतं.

पण तडजोड टिकली नाही. युक्तीचा हा एक स्वभावच आहे, एकदा मुरली की हलवता येत नाही. वैशाली नवरदेव म्हणायला जायची, पण शेजारी वीस-पंचवीस पोरं नामदेवच्या नावाने ओरडत असायची. तिच्याही डोक्यात नामदेवच पक्का बसला होता, फक्त तो उच्चारायचा नव्हता. नवरदेव आठवायचा म्हटलं तरी आधी नामदेव आठवायचा, मग ती जीभ चावायची, आणि त्या गडबडीत पुढचं वाक्य सुरू व्हायचं. पुन्हा चार मूलद्रव्यं. मी समजावलं की परीक्षेत मनातल्या मनात म्हणायचं आहे, मनात कोण ऐकतंय. ती म्हणाली, "मॅडम, मनात पण नाही येत. सवयच नाही."

मी तिच्या जागी असते तर वैतागून नाव घेऊन टाकलं असतं. पण तिला त्यात कुठेही जुलूम वाटत नव्हता. मामा ताटावर बसले की आपण उभं राहून वाढतो तसंच हे, असं तिचं म्हणणं. आणि नाव न घेण्यात भीतीही नव्हती, मानच होता. मी याच्यावर वाद घातला नाही. माझं काम केमिस्ट्रीचं होतं आणि दिवस कमी होते.

कोंडी मामांनीच फोडली, तीही तक्रार घेऊन येऊन. एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर ते टोपी सारखी करत आत आले.

"बाय, एक इचारू? ही पोरं रोज माझं नाव घेतात न् मना बिऱ्हाड घेऊन आसनगावला धाडतात. मी कनाला जाईन आसनगावला? माझं घर सोनिवलीला हाय."

मी त्यांना बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. नामदेव म्हणजे नायट्रोजन, परवा म्हणजे फॉस्फरस, अशी सगळी रांग. आणि हेही सांगितलं की तुमची सून तुमचं नाव घेत नाही, त्यामुळे तिचे पाच गुण जातात.

"म्हंजे माझ्या नावापायी ती मागं ऱ्हाते?"

"तुम्ही तिला सांगा ना, घे म्हणून."

"मी सांगंन. पन ती घेनार नाय. तिची सासू जलमभर नाय घेतली माझं नाव, तिला मी कितींदा बोल्लो." मग म्हणाले, "नायट्रोजन म्हंजे काय असतं?"

"हवेत सगळ्यात जास्त तोच असतो. आणि युरियात."

"युरियान?" ते पहिल्यांदाच हसले. "मंग भाताला मीच लागतो की. असं सांगा ना आधी." आणि मागे उभ्या असलेल्या वैशालीकडे न बघता म्हणाले, "तिनं नको घेऊ. माझं नाव मी घेतो. पुढचं तिनं बोलायचं. चालंल?"

मी म्हटलं, चालेल. मामांनी घसा साफ केला आणि देवळात पुकारा करावा तसं खणखणीत आवाजात म्हटलं, "नामदेव."

वैशाली म्हणाली, "परवा आसनगावला सबंध बिऱ्हाड घेऊन गेला." मग मी मूलद्रव्यं विचारली. पाचही आली, आणि त्याच क्रमाने.

त्यानंतर मामा बाकावर नुसते बसेनात. वर्गाने वाक्य सुरू करायच्या आधी दारातून त्यांचा आवाज यायचा, "नामदेव," आणि मग सगळा वर्ग "परवा" पासून उचलायचा. पोरांना याची इतकी चटक लागली की मामांना यायला उशीर झाला तर वर्ग खोळंबायचा. वैशाली सांगायची, घरी भाकऱ्या करतानाही मामा मध्येच येऊन नाव घेतात आणि थांबतात. तिने पुढचं म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. हळूहळू त्यांची चौकशी वाढली. काका बाजारात कनाला रमले, रबडी कुठच्या धातूची. एकदा त्यांनी मला विचारलं की आसनगावला गेलो म्हणता ते आर्सेनिक, ते काय असतं. मी म्हटलं, विष. ते म्हणाले, "बरा झाला मी नाय गेलो."

परीक्षेच्या आदल्या दिवशी मला धाकधूक होती. पेपराला मामा वर्गाबाहेर असणार, त्यांचा आवाज तिथे कुठला पोचायला? पेपर झाल्यावर वैशालीचा फोन आला. पंधरावा गण आला होता.

"लिहिलास?"

"पाचही लिहिली, मॅडम. मी नाव नाही घेतलं. मामांनी घेतल्यासारखं ऐकू आलं, तिथून पुढे लिहिलं."

मी त्या संध्याकाळी खूश होते. घरी सांगितलं की मुलगी सुटणार.

ती सुटली नाही. तीन-चार गुणांनी राहिली. पंधराव्या गणाने दगा दिला नव्हता, दगा दिला विद्युत रसायनातल्या गणितांनी. तिथे ना लीना उपयोगी ना काका. आकडे मांडायचे, सूत्र लावायचं, उत्तर काढायचं. या कामाला युक्ती नाही, फक्त सराव आहे, आणि सरावाला एक महिना पुरत नाही. आयुष्यभर मी मुलांना खुंट्या ठोकून दिल्या. भिंत मात्र त्यांची त्यांना बांधावी लागते, याचं मला आजही वाईट वाटतं.

वैशाली पुढच्या फेब्रुवारीत पास झाली, डी.फार्म. झाली आणि आज बदलापुरात औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही. मला सांगायचं आहे ते त्या ऑगस्टमधलं, निकालानंतरचं.

निकालाच्या दिवशी तिचा एकच शब्द मोबाइलवर आला, "नापास." मी फोन केला, तिने उचलला नाही. मी पुन्हा केला नाही. मामांचा शब्द मला पाठ होता. एकदाच. गावातली माणसं असा शब्द सहजासहजी फिरवत नाहीत, आणि मी मध्ये पडून बोलावं तर कुठल्या नात्याने? भाताची लावणी आटोपली असेल, आता बेणणी, म्हणजे तण काढणं, असेल, घरात माणसं कमी असतील, असं सगळं मीच मनाशी मांडून विषय बंद केला. ती हुशार होती एवढं मात्र मनातून जाईना.

आठ-दहा दिवसांनी नव्या बॅचचा वर्ग भरत होता. बाहेर स्कूटर थांबली. मामा पुढे, वैशाली मागे, तिच्या खांद्याला पिशवी. ती दारातच उभी राहिली. रडून झालेलं दिसत होतं. मामा आत आले, टोपी काढून हातात घेतली.

"बाय, म्होरची परीक्षा कवा?"

"फेब्रुवारीत. पण मामा, तुम्ही एकदाच म्हणाला होतात."

"बोल्लो होतो." ते पहिल्या बाकावर बसले, पोरांच्या जागेवर, गुडघे बाकात मावत नव्हते तरी. "तवा मना वाटलं, पाठ करायचं न् लिवायचं, त्यान काय. आता महिनाभर मी पन पाठ केलाय. रोज केलाय, शेतान पन केलाय. माझा स्वताचा सतरावा गण अजून चुकतो, बाय. तिला कुठल्या तोंडानं सांगू एकदाच म्हनून?"